सोंगांचं कपाट

आमच्या घरी एक लोखंडी कपाट आहे. बँकेत नवा नवा लागलो तेव्हा हप्त्यांनी घेतलेलं. वरच्या कप्प्यात हिचे शालू आणि इरकली, मधल्यात माझ्या कादंबऱ्यांची बाडं, आणि सगळ्यात खालचा कप्पा सोंगांचा. हे नाव माझ्या आईने दिलेलं. ती म्हणायची, "देव्हाऱ्यात देव चार आणि कपाटात सोंगं चाळीस. कसलं हे घर!" आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो कप्पा काही ओसरला नाही. उलट नातवंडं आल्यापासून त्याचं दार नीट लागत नाही.

वर्षाची सुरुवात बाराबंदीने होते. सोलापूरकराला बाराबंदी म्हणजे काय हे सांगणं म्हणजे पंढरपूरकराला बुक्का दाखवणं. पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. बारा बंदांनी बांधायचा पांढराशुभ्र अंगरखा, खाली पांढरं धोतर आणि डोक्याला फेटा. संक्रांतीच्या सुमारास आमच्या ग्रामदैवताची, सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिला आम्ही गड्ड्याची जत्रा म्हणतो. बाराव्या शतकात होऊन गेलेल्या सिद्धरामेश्वरांशीच लग्न करीन असा हट्ट एका कुंभारकन्येने धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला लग्न लावायची परवानगी दिली, अशी कथा आहे. ते लग्न दर वर्षी संमती कट्ट्यावर लागतं. सात उंचच उंच नंदीध्वज मिरवत येतात, आणि अक्षता टाकायला अख्खं शहर लोटतं. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांत भांडणारं हे गाव त्या दिवशी एका रंगाचं होतं. आजोबा बाराबंदीत, मुलगा बाराबंदीत, आणि त्याच्या खांद्यावर बसलेलं दीड वर्षाचं पोरही बाराबंदीत. त्या पोराला बंद बांधताना घरातल्या चार बायका लागतात आणि मिरवणूक अर्ध्यावर येईपर्यंत त्याने त्यातले निम्मे सोडलेले असतात.

त्याच आठवड्यात बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याची बासरी. फेब्रुवारीत शिवजयंती आली की जिरेटोप निघतो. पाडव्याला सूनबाई आणि तिच्या मैत्रिणी नऊवारी नेसून, नथ घालून, गॉगल लावून स्कूटरवरून शोभायात्रेला जातात. आषाढीला शाळेची दिंडी. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे आमच्याकडच्या प्रत्येक शाळेला आपला स्वतंत्र विठोबा लागतो. कमरेवर हात ठेवून दोन तास उभं राहायचं काम सोपं नसतं. एका वर्षी आमचा विठोबा वाटेत रडून बडव्यांच्या नव्हे, बाईंच्या कडेवर बसून शाळेत परतला होता. मग गोकुळाष्टमीचा बाळकृष्ण. मग नवरात्रातले नऊ रंग. ही प्रथा वेदकाळापासूनची नाही, मुंबईच्या एका मराठी दैनिकाने या शतकाच्या पहिल्या दशकात ती रुजवली. पण आता बँकेच्या काउंटरपासून जिल्हा परिषदेच्या टेबलापर्यंत सगळीकडे ती पाळली जाते. निवृत्त माणसालासुद्धा सूट नाही. राखाडी रंगाच्या दिवशी मला माझा जुना सफारी घालावा लागतो. आणि डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन आणि वेशभूषा स्पर्धा. झाड, फळा, पृथ्वी, थेंब, आणि मधल्या एका वर्षी कोरोनाचा विषाणू.

पुण्याला असलेली माझी थोरली नात तर या सगळ्यांच्या पुढे आहे. ती निळे केस लावून, जपानी चित्रकथेतल्या कुठल्याशा योद्ध्याचा वेष करून मुंबईच्या कॉमिक कॉनला जाते. तिथे आई, बाप, मुलं अशी सगळी कुटुंबंच्या कुटुंबं वेष करून येतात म्हणे. सहा महिने घरात पुठ्ठे कापणं आणि रंगवणं चालतं. मी जरा नाक मुरडलं, तर तिने मला इतिहास ऐकवला. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या वाचकांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट अॅकरमन नावाचा तरुण आणि मर्टल डग्लस ही त्याची मैत्रीण भविष्यकाळातल्या माणसांचे कपडे घालून आले होते, आणि ते कपडे मर्टलनेच शिवले होते. तिथून हे वेड सुरू झालं. मी तिला म्हटलं, "बाई गं, आमच्याकडे याला बहुरूपी म्हणतात. आणि आमचे बहुरूपी संमेलनाची वाट पाहत नसत. ते वर्षभर वेषातच असत."

"म्हणजे?" तिने विचारलं. तिने बहुरूपी पाहिलेलाच नव्हता. तिला सांगायला बसलो आणि जे आठवलं तेच आज तुम्हालाही सांगतो आहे.

माझं बालपण जिल्ह्यातल्याच एका खेड्यात गेलं. सुगी संपली की बहुरूप्याचं बिऱ्हाड गावाबाहेर वडाखाली उतरायचं. दोन गाढवं, एक पत्र्याची पेटी, बायको, पोरं. त्या पेटीत त्यांचा सगळा कपडेपट. पाच-सहा दिवस मुक्काम आणि रोज नवं सोंग. एक दिवस शंकर, एक दिवस मारुती, एक दिवस अंगाचा एक भाग पुरुषाचा आणि एक भाग बाईचा. एक दिवस पोट बांधून दिवस भरलेली बाई व्हायचा आणि पाटलाच्या वाड्यासमोर कळा देत बसायचा. गावातल्या म्हाताऱ्या हसून हसून डोळे पुसायच्या. शेवटच्या दिवशी मात्र तो आपल्या रोजच्या धोतर-सदऱ्यात यायचा, दारोदार रामराम करायचा आणि मग लोक सुपातून धान्य घालायचे. सोंगाच्या दिवशी तो काही मागत नसे. ती त्याची रीत होती.

सगळ्यात गाजायचं ते पोलिसाचं सोंग. खाकी कपडे, कागदी बिल्ला, हातात दंडुका. आमच्या आजोबांसमोर येऊन तो खणखणीत आवाजात सांगायचा, तुमच्या नावाचं वारंट आहे, गुन्हा असा की शेजारणीच्या मांजरीने तुमचं दूध पिऊन ढेकर दिला नाही. यमक जुळवत जुळवत तो आरोपपत्र वाचायचा. आणि आमचे आजोबा, जे खऱ्या फौजदारालाही घोंगडीवर बसवून बोलत, ते थरथर कापायचे. हात जोडायचे. आजीला हाक मारून म्हणायचे, "अगं, जामीन दे कुणीतरी, चाललो मी!" आजी आतून गुळाचा खडा आणून 'जामीन' भरायची. मी पाच-सहा वर्षांचा होतो. पहिल्या वेळी मी आजोबांच्या धोतराला धरून भोकाड पसरलं. दुसऱ्या वर्षी मला कळलं की तो पोलीस खोटा आहे. आणि तिसऱ्या वर्षी कळलं की आजोबांचं घाबरणंही खोटं आहे.

या तिसऱ्या गोष्टीचा अर्थ समजायला मात्र मला आयुष्य लागलं. सोंग एकट्या बहुरूप्याचं नसायचं. ते ओळखून न ओळखल्यासारखं करणारा समोरचा माणूसही त्यात असायचा. गावाने आपली बाजू सांभाळली तरच बहुरूप्याचा वेष हा वेष राहायचा. बहात्तरच्या दुष्काळात सुपात घालायला दाणा नव्हता. तरीही तो आला होता, आणि आजोबा तेव्हाही तसेच कापले होते. आजीने त्याच्या पोरांना घरात होती तेवढी सुकडी दिली.

आपल्या भाषेत या शब्दाला मान होता. एकनाथांनी भारुडं रचली तेव्हा दारावर येणाऱ्या अशाच मंडळींची सोंगं घेतली. वासुदेव, जोशी, गोंधळी यांच्या तोंडून त्यांनी परमार्थ सांगितला. चिंतामणराव कोल्हटकरांसारख्या थोर नटाने आपल्या आत्मचरित्राला नाव दिलं तेही 'बहुरूपी', आणि १९५८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो, त्यात देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे नाचवतात. कुठलं सोंग कुणी नाचवायचं याचा मान त्या त्या घराण्याकडे असतो, बापाकडून मुलाकडे जातो. आपण घरात जमीन वाटून घेतो, तिथे सोंग वारशाने मिळतं.

आता बँकेची गोष्ट. साल १९८७. जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत मी अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन अशा साधनासाठी कर्ज द्यायचं आणि शेतमजूर किंवा कारागीर असेल तर एकतृतीयांश रक्कम सरकारी अनुदान. एका दुपारी एक पोलीस शाखेत शिरला आणि कॅशियरला म्हणाला, तिजोरीच्या नावाचं वारंट आहे. शाखेत हशा पिकला. हसणं ओसरल्यावर त्याने टोपी काढून काखेत घेतली आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला. त्याला कर्ज हवं होतं. खाकी विरली होती, शंकराच्या जटा झडल्या होत्या, नवा कपडेपट करायचा होता. दीड हजार रुपये.

मी अर्ज काढला. धंदा या रकान्यापाशी अडलो. आमच्या यादीत बहुरूपी नव्हता. मी त्याला समजुतीच्या सुरात म्हटलं, "असं करू, शेळ्या दाखवू. पाच शेळ्या आणि एक बोकड. पाहणीच्या दिवशी कुणाच्या तरी आणून बांध. पैसे मिळाल्याशी कारण." वाचकहो, त्या काळात अशा शेळ्या पुष्कळ होत्या. विम्याचा बिल्ला कानात घालून एकच शेळी तीन वाड्यांत उभी राहिलेली मी पाहिली आहे. मला वाटलं, याला तर हे सहज जमेल.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नगं सायेब. सोंगात लबाडी नसती. म्होरल्याला ठावं असतंय. ह्यात म्होरल्याला ठावं न्हाई."

आणि टोपी चढवून, कडक सलाम ठोकून तो निघून गेला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, ही म्हण मी बँकेत हजार वेळा वापरली असेन. त्या दिवशी ती माझ्याकडेच परत आली. मला त्याला दुसऱ्या काही मार्गाने मदत करता आली असती. खिशातून देता आली असती. मी पुढचा अर्ज उघडला.

तो माणूस मला पुन्हा भेटला नाही. पण दोनदा त्याची आठवण अशी झाली की रात्रभर डोळा लागला नाही. मे २०१२ मध्ये नागपूरच्या कळमना भागात, बायकांचा वेष घेऊन भिक्षेला निघालेल्या नाथजोगी समाजाच्या बहुरूप्यांना जमावाने चोर समजून मारलं. तिघे गेले. आणि १ जुलै २०१८ ला, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली आणि भिक्षा मागत फिरणारे पाच जण जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते आणि त्यांतले बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले होते. ते बहुरूपी नव्हते. पण वाट तीच, पालं तशीच, आणि दारात उभं राहण्याची रीतही तीच. भटक्या जमातींच्या सरकारी यादीत गोंधळी, जोशी, नंदीवाले, वासुदेव, बहुरूपी ही सगळी नावं एकमेकांच्या शेजारीच आहेत.

अनोळखी माणसाला आधी गुन्हेगार समजायचं, हे आपल्याला इंग्रजांनीही शिकवलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. आमच्या सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी त्या भागाला आजही लोक सेटलमेंट म्हणतात. नंतर आपण १९५९ साली भीक प्रतिबंधक कायदा केला. त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं असे 'बहाणे' मोजले आहेत. गावाला जी कला वाटत होती, ती कायद्याला बहाणा वाटली.

हे सगळं मी दुसऱ्यांविषयी लिहिलं असतं तर सोपं होतं. पण गेल्या डिसेंबरात जे घडलं ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

आम्ही जुळे सोलापुरात एका सोसायटीत राहतो. धाकट्या मुलाचा मुलगा दुसरीत आहे. त्याच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा होती, विषय 'लोककलावंत'. सूनबाईंनी त्याला वासुदेव करायचं ठरवलं. कपडेपटाच्या दुकानातून घोळदार पांढरा अंगरखा भाड्याने आणला. मोरपिसांची उंच टोपी पुठ्ठ्याची. चिपळ्या मात्र माझ्या वडिलांच्या, खऱ्या. सकाळी लिफ्टमध्ये शेजाऱ्यांनी त्याचे फोटो काढले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याच्या झोळीत चॉकलेट टाकलं आणि त्याने पाठ केल्याप्रमाणे "दान पावलं" म्हटलं. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही.

आम्ही फाटकापाशी आलो तर वॉचमन कुणाला तरी अडवून उभा होता. पाहतो तो खरा वासुदेव. पन्नाशीचा असेल. अंगरख्याची कड मळलेली, पायात टायरच्या वहाणा. वॉचमन त्याला पाटी दाखवत होता. 'फेरीवाले व भिक्षेकरी यांना सक्त मनाई. हुकुमावरून.' त्या पाटीवर नाव नसलं तरी ज्या ठरावाने ती लागली त्याखाली अध्यक्ष म्हणून सही माझी आहे. सोसायटीत दोन सायकली चोरीला गेल्या होत्या, तेव्हा तो ठराव एकमताने झाला होता.

नातवाने त्या माणसाकडे वर-खाली पाहिलं आणि मला विचारलं, "आजोबा, हे काका पण स्पर्धेला चाललेत?"

मला काही उत्तर सुचलं नाही. वासुदेवाला मात्र हसू आलं. तो खाली वाकला आणि नातवाची टोपी दोन्ही हातांनी नीट बसवली. म्हणाला, "मागं झुकाय नगं बाळा, मानंवर वज्जं येतं. हितं कपाळावर टेकू दे." मग चिपळ्या कशा धरायच्या ते दाखवलं. अंगठा वेगळा, चार बोटं वेगळी. नातवाने वाजवून पाहिल्या आणि तो पुन्हा म्हणाला, "अस्सं." सूनबाई मोबाइल काढायच्या बेतात होत्या, पण का कोण जाणे, त्यांनी तो पर्समध्ये परत ठेवला.

मी खिशात हात घातला. नोट घेताना त्याने रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाच्या नावानं?" दान घेताना वासुदेव देवांबरोबर घरच्या गेलेल्या माणसांचीही नावं घेतात, हे मी विसरलो होतो. मी आईचं नाव सांगितलं. त्याने एका हाताने चिपळ्या वाजवत, एक गिरकी घेऊन, पंढरीच्या विठोबापासून तुळजापूरच्या भवानीपर्यंत सगळ्यांना दान पावतं केलं आणि शेवटी माझ्या आईचं नाव मोठ्याने घेतलं. फाटकाच्या बाहेर, त्या पाटीखाली. वॉचमन टोपी काढून उभा होता.

नातवाला स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं बक्षीस पोतराजाला गेलं, आणि योग्यच होतं, त्या मुलाने आसूड फार छान ओढला.

सोंगांचा कप्पा रिकामा करा असं मी कुणाला सांगणार नाही. मुलांनी विठ्ठल व्हावं, शिवाजी व्हावं, निळ्या केसांचा योद्धाही व्हावं. वेष चढवला की लाजाळू पोरगंसुद्धा दोन वाक्यं जास्त बोलतं, हे मी घरातच पाहतो. संक्रांतीला आम्ही सगळे पुन्हा बाराबंदी घालणार आहोत. पण आजोबा कापायचे, ते आम्ही कुणी शिकलो नाही. आम्हाला फक्त वेष घालायला येतो. दुसऱ्याचा वेष ओळखायला, त्याच्या खेळात आपली बाजू सांभाळायला घरातल्या मोठ्यांनी शिकवावं लागतं, आणि ते काम माझ्या पिढीचं होतं. ते आम्ही वॉचमनवर सोपवलं.

सोसायटीच्या गेल्या सर्वसाधारण सभेत पाटी बदलण्याचा विषय मी मांडला. बराच खल झाला. सुरक्षिततेचं काय, उद्या वासुदेवाच्या वेषात कुणीही येईल, असे मुद्दे निघाले. ते अगदीच चुकीचे आहेत असं मलाही म्हणता येईना. विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. पाटी आहे तिथेच आहे. सकाळी टोपीवाला कुणी आला तर मला खाली बोलाव, एवढं मी वॉचमनला तोंडी सांगून ठेवलं आहे. बँकेत पस्तीस वर्षं काढली, पण लेखी हुकुमाविरुद्ध तोंडी हुकूम मी आयुष्यात पहिल्यांदाच दिला.